सारखं म्हणजे किती?

“सुई त हाताले देल्ली बाई, अन् ताप चढला डोक्यात. औषधाले रस्ता कोन दाखवते?”

धानोरा, एटापल्ली, अहेरी, जिथं जिथं माझी बदली झाली तिथं हा प्रश्न कुणी ना कुणी विचारलाच. विचारणारी बहुतेक आजी असायची. नातवाच्या खाटेपाशी उकिडवी बसलेली, सलाईनच्या थेंबांवर नजर लावून. माडिया घरातली असली तर शेजारच्या खाटेवरच्या बाईकडून तो मराठीत करून घ्यावा लागे. डॉक्टर घाईत असत, म्हणून उत्तर द्यायचं काम आम्हा नर्सांकडे यायचं. हा प्रश्न मी कधी अडाणीपणाचा मानला नाही. आमच्या घरी बाबा चातुर्मासात ब्रह्मसूत्रावरच्या शांकरभाष्याचं मराठी भाषांतर वाचत. त्या आजीचा प्रश्न त्या ग्रंथातल्या एका फार अवघड प्रश्नाच्याच जातीचा आहे. देणारा सगळ्यांना सारखंच देत असेल, तर ज्याच्या त्याच्या वाट्याला येतं ते वेगळं का?

आजीला खरं उत्तर असं, की रस्ता कुणीच दाखवत नाही. औषध सगळीकडे जातं.

समजायला सोपं पडावं म्हणून निरोगी माणसाचा हात धरू. पंजाच्या पाठीवरच्या शिरेत औषध सोडलं की ते रक्ताबरोबर दंडातून काखेत जातं, काखेतून हसळीखालून छातीत उतरतं आणि वरच्या महाशिरेतून हृदयाच्या उजव्या बाजूला येतं. तिथून थेट फुप्फुसांत. शिरेतून दिलेलं कुठलंही औषध, मग ते पायाच्या दुखण्यासाठी का असेना, आधी फुप्फुसांतून गाळून निघतं, मग हृदयाच्या डाव्या बाजूला येतं आणि महाधमनीतून अंगभर फेकलं जातं. हातापासून जिभेपर्यंत पोचायला दहा-पंधरा सेकंद पुरतात. कॅल्शियमचं इंजेक्शन जरा भरकन गेलं की रुग्ण सांगतो, “घशात गरम वाटून राह्यलं.” सुई अजून हातातच असते, आणि औषध घशात जाऊन परत निघालेलंही असतं. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त, आणि निवांत पडलेल्या माणसाचं हृदय मिनिटाला तेवढंच रक्त ढकलतं. म्हणजे मिनिटभरात एक फेरी.

गोळी घेतली तर असं होत नाही. आतड्यातून शोषलेलं सगळं आधी यकृताच्या हातून जातं आणि काही औषधांचा बराच भाग तिथंच संपतो. शिरेतून दिलेलं औषध मात्र दिलं तेवढं सगळं रक्तात. म्हणूनच ते देताना हात कापू नये आणि घाई करू नये. गेलेलं औषध परत काढता येत नाही.

पण सगळीकडे जातं म्हणजे सगळ्यांना सारखं मिळतं, असं नाही. हृदयातून निघालेल्या रक्ताचा चौथा हिस्सा यकृताकडे जातो. मूत्रपिंडं मुठीएवढी, पण पाचवा हिस्सा त्यांचा. मेंदूचं वजन देहाच्या पन्नासाव्या भागाएवढं, तरी सातवा हिस्सा तो घेतो. चरबीकडे फार थोडं जातं, आणि सावकाश. शिवाय दारं आहेतच. मेंदूतल्या केशवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या असतात की रक्तातली पुष्कळ औषधं मेंदूच्या उंबऱ्यापर्यंत पोचून तशीच पुढे निघून जातात. काही औषधांना मात्र हे दार अडवत नाही. भूल देताना थायोपेंटल शिरेतून द्यायचे, तेव्हा माणूस अर्ध्या मिनिटात झोपायचा आणि पाच-दहा मिनिटांत पापण्या हलवायला लागायचा. औषध देहातून गेलेलं नसायचं. रक्त जास्त म्हणून मेंदूत ते आधी शिरलं, आणि मग हळूहळू स्नायूंत पसरलं, एवढंच. जागा झालेल्या माणसाच्या अंगात जवळजवळ सगळं औषध शिल्लक असायचं.

आमच्याकडे ज्या औषधाने हा विचार मला खरा शिकवला ते आर्टेसुनेट. आमच्या गडचिरोली जिल्ह्यात मलेरिया म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. त्यातला पीएफ, म्हणजे फाल्सिपेरम, डोक्यात चढला की लेकरू झटके देतं आणि डोळे फिरवतं. अशा वेळी आर्टेसुनेट शिरेतून जायला हवं. छोटी काचेची व्हायल, तळाशी साठ मिलिग्रॅम पांढरी भुकटी. तिच्यात एक मिली सोडियम बायकार्बोनेट घालायचं. बुडबुडे येतात, आत वायू साठतो, तो सुईवाटे निघू द्यायचा. पाणी आधी दुधट दिसतं. हलवत राहायचं, घाई करायची नाही, आणि काचेच्या पलीकडचं बोट स्वच्छ दिसू लागलं की मग पाच मिली सलाईन किंवा डेक्स्ट्रोज मिसळायचं. तयार झालेलं औषध तासाभरात वापरायचं, उरलं तर टाकून द्यायचं, पुढच्या रुग्णासाठी ठेवायचं नाही. रात्री दोन वाजता कंदिलाच्या उजेडात हे दुधट पाणी निवळताना मी बघितलं आहे, आणि त्या वेळी तोंडाने जे नाव यायचं ते देवाचंच असायचं.

हेच औषध निरोगी माणसाला दिलं तर? काही मिनिटांत रक्तातच त्याचं रूप बदलून डायहायड्रोआर्टेमिसिनिन होतं, खरं काम करणारं तेच. दर पाऊण तासाला ते साधारण निम्मं होत जातं. यकृत त्याला साखरेपासून बनलेलं एक आम्ल जोडून पाण्यात विरघळेल असं करतं, आणि ते लघवीवाटे निघून जातं. सकाळी दिलेलं दुपार उलटेपर्यंत जवळजवळ संपलेलं. ते सगळ्या अंगात फिरलं आणि त्याला जंतू कुठं भेटलाच नाही. आजारी देहातही ते तसंच फिरतं. फरक एवढाच, की तिथं तांबड्या पेशींच्या आत जंतू बसलेला असतो. तो आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन खातो आणि खाल्ल्यावर लोह असलेला अंश मागे उरतो. बहुतेक शास्त्रज्ञ मानतात की त्या लोहाशी गाठ पडल्यावरच औषधातला ऑक्सिजनचा एक बंध तुटतो आणि त्या तुटण्यातून जे निपजतं ते जंतूला मारतं. जंतूने जेवढं खाल्लं, तेवढं त्याचं मरण त्याच्याच शेजारी तयार असतं. औषध कुणाला शोधत नाही.

निरोगी देहात औषध कसं वागतं हे आपल्याला कळलं, कारण ज्यांना गरज नव्हती अशा माणसांनी ते घेतलं. ज्या वनस्पतीपासून पुढे आर्टेसुनेट बनलं तिचा अर्क चीनमध्ये शास्त्रज्ञ तू यूयू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ साली रुग्णांना देण्याआधी स्वतः घेऊन पाहिला. तू यूयू यांना २०१५ साली नोबेल मिळालं. ताप नसताना औषध घेण्यात घेणाऱ्याला फायदा काहीच नाही, धोका मात्र पुरा. गीतेतलं निष्काम कर्म समजावायला लोक मोठमोठी उदाहरणं देतात. मला हे पुरतं.

आता बाबांच्या ग्रंथाकडे येते. ब्रह्मसूत्राच्या दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्या पादात चौतिसावं सूत्र आहे. पूर्वपक्ष, म्हणजे आक्षेप घेणारा, म्हणतो, जगात कुणी सुखात लोळतो, कुणी जन्मभर दुःखात. हे ईश्वराने केलं असेल तर तो पक्षपाती आहे आणि निर्दयही. शंकराचार्य उत्तर देतात की ईश्वर पावसासारखा आहे. पाऊस साळीवर पडतो, जवावर पडतो, सारखाच पडतो. साळीची साळ होते आणि जवाचे जव होतात ते बियांमुळे. जिवांच्या सुखदुःखातला फरक त्यांच्या कर्मांच्या बियांमुळे, पावसाचा त्यात दोष नाही. मग पूर्वपक्ष आणखी खोलात शिरतो, अगदी सुरुवातीला, कर्म घडायच्या आधी, बी कुठलं होतं? उत्तर येतं, संसाराला सुरुवातच नाही.

तरुणपणी मला हे फार आवडायचं. औषधाबद्दल मी जे शिकले होते ते ह्यात चपखल बसत होतं. आर्टेसुनेट सगळ्या पेशींवरून सारखं वाहतं, परिणाम होतो तो आत काय आहे त्यावरून. बाबांना मी हे सांगितलं तेव्हा ते खूश झाले होते.

वॉर्डात मात्र ते टिकेना.

बी म्हणजे कर्म म्हणता, तर सिकलसेलचं बी घ्या. आमच्या भागात हा रक्ताचा आजार बराच आढळतो. आई आणि बाप दोघांकडून तो जनुक आला तर लेकराचं जिणं दुखण्यात जातं. हाडं दुखतात, रक्त कमी, सारखा दवाखाना. पण एकाच बाजूने आला तर तेच लेकरू पीएफ मलेरियापासून बऱ्याच अंशी वाचतं. दोघेही पालक असे एकेक जनुक बाळगणारे असतील तर चार लेकरांमागे एकाला आजार व्हायची शक्यता असते, आणि ती प्रत्येक गरोदरपणात नव्याने असते. एकाच घरात एका भावाला जे कवच, तेच दुसऱ्याला जन्माचं दुखणं. ह्यात कुणाचं कोणतं कर्म मोजायचं? आणि ते अनादि आहे म्हटलं की मोजायचा प्रश्नच मिटतो. अनादि ह्या शब्दावर माझा राग आहे तो इथं.

दुसरं म्हणजे, आमच्याकडे फरक पडतो तो पुष्कळदा बियांमुळे नसतो, पाण्यामुळे असतो. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा पूल पाण्याखाली जातो. अलीकडच्या लेकराला सुई मिळते, पलीकडच्याला मिळत नाही. दोन्ही लेकरांच्या रक्तात तोच जंतू, त्याने खाल्लेलं तेच हिमोग्लोबिन. फरक नदीचा, आणि सरकारने कुठं किती उंच पूल बांधला त्याचा. हेमलकशाला १९७३ साली बाबा आमट्यांनी लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि प्रकाश व मंदाकिनी आमटे तिथं राहायला गेले, तेव्हा त्यांनी ह्यातलं काही कर्मावर सोडलं नाही म्हणूनच तिथला दवाखाना उभा राहिला. कर्माचा सिद्धांत चुकीचाच आहे असं मी म्हणत नाही. पण तो नदीच्या पुरालाही लावायचा असेल तर माणसाला करायला काय उरतं?

आणि तिसरी गोष्ट, जिच्यामुळे माझं मन कायमचं बदललं, ती मात्रेची.

औषध सगळ्यांना सारखं द्यावं म्हणजे वजनाच्या प्रमाणात द्यावं, असं आम्ही शिकलो. किलोमागे इतकं. न्याय्य वाटतं. पण आर्टेसुनेटबाबत जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत सांगितलं की मोठ्यांना किलोमागे २.४ मिलिग्रॅम, पण वीस किलोच्या आतल्या लेकरांना किलोमागे ३ मिलिग्रॅम द्या. कारण काय? मोठ्यांच्या हिशेबाने ठरलेली मात्रा दिली की लहान लेकरांच्या रक्तात औषध कमी भरायचं. म्हणजे दहा किलोच्या लेकराला चोवीस मिलिग्रॅम दिले तर कागदावर ते अगदी समान वाटप, आणि प्रत्यक्षात त्या लेकरावर अन्याय. त्याला तीस हवेत. ही सूचना मी वाचली तेव्हा पहिल्यांदा माझ्या मनात आलं, की सारखं वाटणारा पाऊस इथं कामाचा नाही.

म्हणून वजनाला मी जपत आले. झटके देणारं लेकरू काट्यावर बसत नाही. आधी आईला लेकरासकट उभं करायचं, मग लेकरू दुसऱ्याच्या हातात देऊन आईला एकटीला, आणि वजाबाकी करायची. आई घाबरलेली असते, लेकरू हातातून सोडत नाही. तिला काटा म्हणजे उशीर वाटतो. पदर, हातातली पिशवी, सगळं दोन्ही वेळा तेच राहील एवढं बघायचं, नाहीतर अर्धा किलो चुकतो. हे अर्धं मिनिट कधीही वगळू नका, असं मी नव्या मुलींना सांगत आले.

पण मात्रा किलोवरच मोजायची, हाही नियम नाही. साप चावला की वेगळंच. आमच्या झाडीत धानाच्या हंगामात नाग, घोणस, फुरसं, आणि रात्री जमिनीवर निजलेल्यांना मण्यार. प्रतिविष सलाईनमधून शिरेतून द्यायचं, आणि ते लेकराला मोठ्या माणसाएवढंच. पाच वर्षांच्या पोरीला आठ-दहा व्हायली चढवताना नातेवाईक हात धरायला येतात, “एवढुशा जिवाले एवढं?” पण सापाने तिचं वय बघून विष कमी सोडलेलं नसतं. तेवढंच विष छोट्या देहात आहे. इथं मात्रा मोजायची ती लेकराच्या वजनावर नाही, तिच्यावर आलेल्या संकटाच्या वजनावर. जेन्टामायसिन ह्या प्रतिजैविकाचं आणखी तिसरंच. राणी आणि अभय बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्या बायकांना नवजात बाळांना घरीच जेन्टामायसिनची सुई द्यायला शिकवलं. ती सुई मांडीत द्यायची, शिरेत नव्हे, पण औषध शेवटी त्याच रक्तात येतं. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्या कामाचा अहवाल आला, बाळांचे मृत्यू निम्म्याहून जास्त घटल्याचा. नवजात बाळाची मूत्रपिंडं कच्ची असतात, औषध बाहेर पडायला वेळ लागतो, म्हणून दोन सुयांमधलं अंतर जपावं लागतं. थांबायचं किती, हेही बाळाकडे बघूनच ठरतं.

एका लेकराला किलोमागे जास्त, एकाला मोठ्याएवढंच, एकाला उशिराने. ह्या तिन्हींत पक्षपात आहे, आणि तिन्हींत दया आहे. शंकराचार्यांनी ईश्वराला पक्षपाताच्या आरोपातून सोडवलं, पण सोडवताना पावसाएवढं बेखबर केलं. माझं म्हणणं एवढंच, की समत्व हा औषधाचा धर्म आहे, देणाऱ्याचा नाही. औषधाला कुणाचं वजन माहीत नसतं, म्हणून देणाऱ्याला ते माहीत असलंच पाहिजे. ईश्वर देणारा असेल तर त्यालाही. आपल्या संतांनी विठ्ठलाला माउली म्हटलं, पाऊस म्हणून ते थांबले नाहीत. तीन लेकरांतलं आजारी कोणतं हे जिला कळत नाही, तिला कुणी माउली म्हणेल का?

आमच्याच जिल्ह्यात चामोर्शी तालुक्यात मार्कंडा हे देवस्थान आहे. वैनगंगा तिथं उत्तरेकडे वळते, महाशिवरात्रीला जत्रा भरते. सोळाव्या वर्षी मरण लिहिलेला मार्कंडेय शिवलिंगाला मिठी मारून बसला आणि शिवाने यमाला परतवून लावलं, अशी कथा. हा उघड पक्षपात आहे. कर्माचा हिशेब पुरा झाला होता, यम नियमाप्रमाणे आला होता, आणि शिवाने नियम मोडला. ही कथा ऐकून एकही माणूस शिवाला पक्षपाती म्हणत नाही. देवाकडून आपण हीच अपेक्षा करतो, हे आपल्याला आतून ठाऊक असतं.

बाबांनी ह्यावर मला जे विचारलं ते मी विसरू शकत नाही. म्हणाले, त्या दिवशी सोळा वर्षांची आणखी किती पोरं गेली असतील, त्यांच्या घरी ही कथा कशी सांगशील? पक्षपाती देवाची हीच अडचण. एकाला वाचवलं की बाकीच्यांना का नाही, हा प्रश्न उभा राहतो. पाऊस म्हटलं की तो उभा राहत नाही. बाबांचं म्हणणं खोडता येत नाही, आणि मी ते खोडत नाही. पण तो प्रश्न उभा राहावा असं मला वाटतं. पर्लकोटेच्या पलीकडचं लेकरू गेलं तेव्हा ‘का नाही’ हे विचारायला कुणीतरी समोर असलं पाहिजे.

‘सर्च’च्या शोधग्राममधल्या रुग्णालयाला माँ दंतेश्वरी देवीचं नाव आहे. आमच्या भागातल्या बायका देवीशी बोलतात तेव्हा समत्व मागत नाहीत. रात्री वॉर्डात खाटेच्या पायथ्याशी बसून त्या देवीला रागावतात, “तुले माहं लेकरू दिसत नाही काय?” सलाईन चालू असते, औषध त्या लेकराच्या अंगभर फिरत असतं, आणि ती आई त्या सगळ्याच्या वर असलेल्या कुणाला तरी विचारत असते की तुझं लक्ष नेमकं ह्याच्याकडे आहे का. शांकरभाष्यात त्या सूत्राखाली पूर्वपक्ष मांडणारा पंडित आहे. फार हुशार आहे तो, आणि त्याला उत्तर मिळालं आहे. आजारी लेकराची आई तिथं पूर्वपक्ष मांडत नाही. तिचा पूर्वपक्ष कुणी खोडलेला मला अजून वाचायला मिळालेला नाही.